परिणाम नगण्य

कापूरबावडीच्या नाक्यावर रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि योगिनीचं कपाळ त्याच्या सीटमागच्या लोखंडी दांडीवर आपटलं. आवाज तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. पुढचा टेंपो मध्येच थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, मागच्या चाकाकडे नुसता बघत होता. "मॅडम, लागलं काय जोरात?" रिक्षावाल्याने वळून विचारलं. "नाही," ती म्हणाली. कुणी काही विचारलं की आधी नाही म्हणायचं आणि मग तपासून बघायचं, ही तिची सवय. तिने भुवईच्या वर बोट लावलं. टेंगूळ यायला लागलं होतं. मे महिन्याचं ऊन रस्त्यावरून वर येत होतं, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत तीन मोटरसायकलवाले दाटीवाटीने उभे होते, आणि मागून हॉर्न सुरू झाले होते. विचित्र गोष्ट अशी की त्या एका क्षणात तिच्या डोक्यातलं सगळं बंद पडलं. नौपाड्यातून निघाल्यापासून ती मनात वाक्यं जुळवत होती, भेटल्यावर रुचिता असं म्हणाली तर आपण असं म्हणायचं, तिने तो मुद्दा काढला तर आपण हा. ती सगळी वाक्यं खाली सांडली आणि आत एक पांढरी, रिकामी जागा उरली. तिथेच बसून राहावं असं तिला वाटलं. ही झोप नव्हती, सुटीही नव्हती. कुणी काही न विचारता नुसतं बसणं. गेली दोन-तीन वर्षं तिला असंच काहीतरी हवं होतं. तिचा नवरा प्रेम म्हणायचा की रक्त तपासून घेऊ. तपासलं होतं. काही निघालं नव्हतं. काही निघालं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी लॅबच्या पायऱ्या उतरताना तिला वाटून गेलं होतं आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, चष्म्याच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. धरण असो, रस्ता असो, कारखाना असो, काही मोठं उभं करायचं तर त्याने आजूबाजूचं काय बिघडेल याचा अहवाल सरकारला आधी द्यावा लागतो. तसले अहवाल लिहून देणं हा त्या ऑफिसचा धंदा, आणि ती तिथे लग्नाआधीपासून होती. आत्ताचा प्रकल्प मुरबाडच्या पलीकडच्या डोंगरात होता. दोन तलाव, एक माथ्यावर आणि एक पायथ्याच्या ओढ्यावर. दुपारी उन्हापासूनची वीज उदंड असते आणि घ्यायला कुणी नसतं, तेव्हा तिच्या जोरावर खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून पुन्हा वीज करायची. धूर नाही, राख नाही. योगिनीला तो प्रकल्प मनापासून आवडला होता. हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण अहवाल लिहिणाऱ्याने आवडनिवड ठेवायची नसते. अशा अहवालात हवामानबदलावर एक प्रकरण असतं आणि ते लिहायला सगळ्यात सोपं. प्रकल्पामुळे किती कोळसा जळायचा वाचेल तो आकडा काढायचा, त्याखाली एक हिरवा तक्ता, की संपलं. या वेळी ती तिथे थांबली नव्हती. प्रकल्प हवेचं काय भलं करेल ते लिहून झालं. पण बिघडलेली हवा प्रकल्पाचं काय करेल? धरणाचा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट, किती रुंद ठेवायचा ते जुन्या पावसाच्या नोंदींवरून ठरवलं होतं. पाऊस मात्र जुन्यासारखा पडत नव्हता. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओतायचा आणि मग ओढे संक्रांतीलाच आटायचे. खालच्या तलावाच्या पुढे, ओढ्याच्या वळणावर, पाथरपाडा नावाची ठाकर आदिवासींची वस्ती होती. एकदम पाणी सोडायची वेळ आली तर ते तिच्यावरून जाणार होतं, आणि कोरड्या वर्षी तलाव भरायला ओढा अडवला तर ते तिच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. दोन्हीकडून पाथरपाडाच. सांडवा रुंद करा, वस्तीला भोंगा द्या, वर टेकाडावर जायला धड वाट द्या, उन्हाळ्यात ओढ्याला थोडं पाणी सोडत राहा, असं तिने लिहिलं होतं. लिहिताना तिला बऱ्याच दिवसांनी थकवा जाणवला नव्हता.

घोडबंदर रोडवरच्या त्या काचेच्या इमारतीत एवढं गार होतं की आत गेल्यावर टेंगूळ ठणकायचं थांबलं. रुचिता, प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीच्या पर्यावरण विभागाची प्रमुख, लिफ्टपाशीच उभी होती. त्याआधी आणि त्याहून जास्त ती योगिनीची मैत्रीण होती. कॉलेजात दोघी एका बाकावर बसल्या होत्या, ठाण्याच्या खाडीवर रबरी बूट घालून चिखलात पक्षी मोजत हिंडल्या होत्या. "हे काय झालं कपाळाला?" तिने विचारलं. "रिक्षा," योगिनी म्हणाली. रुचिताने कुणाला तरी सांगून बर्फ आणवला, कागदी रुमालात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. त्यामुळे पुढचा सगळा वेळ योगिनी एका हाताने कपाळावर बर्फ धरून बसली. असं बसलं की माणसाला भांडता येत नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"योगे, मी सगळं वाचलं," रुचिता म्हणाली. "अक्षर न् अक्षर. त्यात चुकीचं काहीच नाहीये."

"मग?"

"मग काही नाही. ते परिशिष्टात टाकू. मुख्य अहवालात फक्त एक ओळ. बदलत्या हवामानाचा प्रकल्पावरील परिणाम नगण्य."

"नगण्य नाहीये पण."

"ते परिशिष्टात लिहिलेलं असेलच ना. ज्याला वाचायचंय तो वाचेल."

"परिशिष्ट कोण वाचतं, रुची?"

रुचिता खिडकीकडे बघत राहिली. खाली घोडबंदर रोडवर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि वरून त्यांचा आवाज येत नव्हता. ती बोलली तेव्हा तिचा आवाज दमलेला होता. "एक सांग. कोळशाच्या प्रकल्पांचे एवढे अहवाल लिहिलेस, त्यातल्या कितींत हे प्रकरण होतं? एकातही नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, तूही नाही विचारलंस. आता कुठे एक धड काम उभं राहतंय, तर सगळे प्रश्न त्यालाच. जनसुनावणीत कुणी उठून तुझं एक पान वाचून दाखवलं ना, की काम दोन वर्षं मागे गेलं. दोन वर्षं तोच कोळसा जळणार, आणि तुझा तो पाऊस अजून बिघडणार. त्याचं काय करायचं?"

योगिनीने बर्फ दुसऱ्या हातात घेतला. रिक्षात जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही परत येईना, आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण रुचिता खोटं बोलत नव्हती. समोरचं माणूस खोटं बोलत असेल तर अंगात बळ येतं. खरं बोलणाऱ्यापुढे ते कुठून आणायचं? बर्फाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलं. "बरं," ती म्हणाली. "टाक परिशिष्टात." रुचिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तो तसाच राहू दिला, आणि विचारलं, "अण्णा कसे आहेत?" योगिनी म्हणाली, "आहेत. तिकडेच चाललेय आता. गवंडी बोलावलाय त्यांनी."

टॅक्सी बाळकुमवरून गेली तेव्हा तिला आपली इमारत दिसली. आपल्या बाल्कनीत वाळत घातलेली निळी चादर दिसली. उतरावं, वर जावं, पंखा लावून आडवं व्हावं. तिने ड्रायव्हरला काही सांगितलं नाही आणि चादर मागे गेली. कशेळीच्या पुलावर खाडीचं पाणी शिशासारखं पडलेलं होतं, मग भिवंडीची गोदामं, कंटेनरच्या रांगा, कोनगाव. होकार दिल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तिला आठवत होतं की लहानपणी खोटं बोललं की पोटात एक दगड बसायचा आणि आईने जवळ घेतलं की तो विरघळायचा. आता तसंही काही होत नव्हतं. नुसता एक शब्द जिभेवर घोळत होता. नगण्य. गणतीत न येणारं. तिने तो शब्द आजवर किती अहवालांत वापरला होता. धुळीसाठी, आवाजासाठी, तोडायच्या झाडांसाठी. चांगला शब्द होता. त्याने कुणाला काही टोचत नसे.

दुर्गाडीचा पूल ओलांडून टॅक्सी कल्याणात शिरली आणि नेहमीप्रमाणे तिला ते पाणी आठवलं. दोन हजार पाचच्या त्या जुलैत ती विशीची होती. वालधुनीच्या नाल्यापासून दोन गल्ल्या आत त्यांची बैठी चाळ, आणि अण्णा, म्हणजे तिचे वडील दगडू साळवे, शहाडच्या कारखान्यात कामाला लागल्यापासून तिथेच राहत होते. दुपारी शेजारची रंगूबाई दारात येऊन विचारून गेली होती, "दगडूभाऊ, सामान वर टाकायचं का?" अण्णा म्हणाले होते, "एवढ्या वर्षांत इथं पाणी आलं नाही, ते आजच कशाला येतंय?" त्यात हट्ट नव्हता. अनुभवाने बोलणारं माणूस असंच बोलतं. पाणी दारातून आलंच नाही, मोरीतून आलं, आतून, कुणीतरी खालून घर भरत असल्यासारखं. आईने, मालनने, पहिल्यांदा भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी काढल्या, छातीशी धरल्या आणि ती खाटेवर चढून उभी राहिली. मग खाली उतरली, कारण तांदळाचा डबा तरंगायला लागला होता. त्या पाण्यात ती दोन दिवस वावरली, पायाला पत्रा लागलेला असताना. मग ताप आला. उंदरांच्या मुतामुळे पाण्यातून पसरणारा ताप, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा ती व्हेंटिलेटरवर होती. रुचिता रोज नौपाड्याहून थर्मासमध्ये पेज घेऊन यायची, आणि शेवटच्या दिवशीही थर्मास घेऊनच आली होती. पेज कुणी प्यायली ते योगिनीला आता आठवत नव्हतं. आपणच प्यायली असेल.

मग अण्णांनी उंबरा बांधला. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ होती. दारात त्या रेघेपेक्षा एक वीट उंच अशी ठेंगणी भिंतच घातली, मोरीला झाकण बसवलं. घरात शिरायचं तर पाय गुडघ्याच्या वर उचलून टाकावा लागे. पुढे कित्येक वर्षं लोक हसायचे. मग दोन हजार एकोणीस साली पाणी पुन्हा आलं आणि त्या भिंतीवरूनही आत शिरलं. बाहेरचं ओसरून गल्ली कोरडी झाली तरी आतलं जाईना, कारण उंबऱ्याने ते अडवून धरलं होतं. घराची टाकी झाली होती. बापलेक दोघे बादल्यांनी ते पाणी बाहेर फेकत बसले होते.

ती पोचली तेव्हा गवंडी, धोंडीबा, दारात उकिडवा बसून तंबाखू मळत होता. अण्णा पलीकडे आत खुर्चीवर बसले होते, बनियनवर, मानेला ओला पंचा गुंडाळून. उंबऱ्यामुळे त्यांचं अर्धंच शरीर दिसत होतं. "कशाला एवढ्या उन्हात आलीस?" ते म्हणाले. "आणि कपाळाला काय?" ती पाय उचलून आत गेली, माठातलं पाणी प्यायली आणि खाटेवर बसली. वर पंखा गरम हवा ढवळत होता. स्लॅब टाकल्यापासून खोली दुपारी भट्टीसारखी तापायची, पण बाळकुमला राहायला चला म्हटलं की अण्णा म्हणत, "इथं मला माणसं नावानं ओळखतात."

"उंबरा वाढवून घेतो," अण्णांनी सांगितलं. "पावसाच्या आत. हा म्हणतोय तीन विटा. मी म्हणतो चार. तू यातलीच ना गं? तू सांग. किती उंच करू?"

धोंडीबानेही मळणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी सांगून टाकता आलं असतं. चार विटा, अण्णा. चार पुरे. अण्णा समाधानाने झोपले असते आणि तिलाही अंधार पडायच्या आत घरी जाता आलं असतं. आकडा सांगायला काय लागतं. तो सांगितला की विचारणारं माणूस गप्प होतं, हे तिला पुरतं माहीत होतं. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून दुसरंच आलं.

"मला माहीत नाही, अण्णा."

"तुमच्या ऑफिसात असतं ना सगळं. पाऊस किती, पाणी किती."

"असतं. ते मागचं असतं."

"मग मागच्यावरूनच सांग."

"मागच्यावरूनच बांधला होता ना आपण हा."

बोलल्यावर तिला वाटलं की हे बोलायला नको होतं. अण्णांनी पंचा मानेवरून काढला, पिळल्यासारखा केला आणि मांडीवर ठेवला. पिळायला त्यात पाणी उरलं नव्हतं. बाहेर गल्लीत कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. ते म्हणाले, "मग कुणाला माहीत असतं?"

"कुणालाच नाही. मागच्यापेक्षा जास्त येईल, एवढंच माहीत आहे. किती जास्त ते नाही. तुम्ही चार विटा घातल्या तर पाचव्या विटेवरून येईल, आणि तुम्हाला तो उंबरा ओलांडता येणार नाही. आत्ताच तुमचा पाय अडकतो. मागच्या महिन्यात पडलात ते मला रंगूबाईंनी सांगितलं."

"रंगूला काय, सांगायला माणूसच लागतं." त्यांनी पंचा पुन्हा मानेवर टाकला. "मग करायचं काय? बसून राहायचं?"

"उंबरा आहे त्याहून कमी करू. आणि बाहेरून गच्चीवर जायला जिना करू, लोखंडी, कठडा असलेला. पाणी आलं की वर जायचं. रंगूबाईंनाही न्यायचं."

धोंडीबाने तंबाखू तोंडात टाकली आणि लोखंडाचं काम आपलं नाही, वेल्डिंगवाल्याला गाठावं लागेल, असं सांगून टाकलं. अण्णा उंबऱ्याकडे बघत होते. स्वतःच्या हाताने रचलेल्या त्या विटांकडे ते ज्या नजरेने बघत होते तसं त्यांना योगिनीने फार क्वचित पाहिलं होतं. मग ते धोंडीबाला म्हणाले, "दोन थर काढ वरचे. आजच काढ. उद्या माझं मन फिरेल."

छिन्नीचे घाव सुरू झाले तशी ती बाहेर गल्लीत आली आणि भिंतीच्या सावलीत उभी राहून तिने रुचिताला फोन लावला.

"ते प्रकरण मुख्य अहवालातच राहू दे," ती म्हणाली.

"तू दुपारी हो म्हणालीस."

"म्हणाले. तेव्हा तुझ्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ताही नाहीये."

"मग कशासाठी?"

"नगण्य असं लिहून त्याखाली सही करायला मला नाही जमणार. तू बरोबर असशील, रुची. मला जमणार नाही एवढंच."

मग रुचिता हळू म्हणाली, "मी हे वर सांगितलं तर ते दुसरा सल्लागार घेतील. ते माझ्या हातात नाहीये."

"माहितेय."

"आणि मग तिथं तुझ्यासारखं कुणी नसेल. तू मला यात एकटीला टाकतेयस."

याचा विचार योगिनीने केला नव्हता. तिने भिंतीला डोकं टेकलं. भिंत तापलेली होती. "हो," ती म्हणाली. "टाकतेय."

दुसरा सल्लागार घेतला गेला. नौपाड्यातल्या ऑफिसचे मालक, म्हातारे बाबुराव खरे, सगळं ऐकून नुसतं "बरं" म्हणाले, चष्मा पुसत बसले आणि जरा वेळाने म्हणाले, "चहा सांगू?" त्यांना राग आला नव्हता. राग यायला जे लागतं ते त्यांचंही संपलं असावं. पुढचे महिने ती एका रस्त्याच्या अहवालावर धुळीचं प्रकरण लिहीत होती. आपण काही केलं असं तिला वाटलं नाही. बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. थकवा होता तिथेच होता, फक्त त्याच्यातली ती बोचरी कड गेली होती. रुचिताचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. डोंगरातल्या प्रकल्पाची सुनावणी दिवाळीनंतर झाली, ती गेली नाही. तिच्याऐवजी कुणी बोललं का, ते तिला कळायला मार्ग नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी ती कल्याणच्या गच्चीवर अण्णांबरोबर उन्हात बसली होती. जिना गेल्या जूनमध्येच झाला होता. पावसाळ्यात पाणी फक्त गल्लीपर्यंत आलं होतं आणि परत गेलं होतं, पण अण्णांना वर येऊन बसायची गोडी लागली होती. तिथून वालधुनीचा काळा नाला आणि पलीकडच्या टॉवरची अर्धवट कामं दिसत. फोन वाजला. रुचिताचा निरोप होता, आठ महिन्यांनी आलेला पहिला. 'मंजुरी मिळाली. भोंगा आणि वर जायची वाट मी घालून घेतली. सांडवा आणि ओढ्याचं पाणी नाही जमलं.' खाली आणखी काही नव्हतं. योगिनीने तो पुन्हा पुन्हा वाचला. सांडवा तेवढाच. ओढा कोरडाच. म्हणजे तिच्या प्रकरणातलं निम्मं गेलं होतं, आणि ते महत्त्वाचं निम्मं होतं.

"कोणाचं?" अण्णांनी विचारलं.

"रुचिताचं." मग तिने त्यांना सांगितलं. डोंगर, तलाव, पाथरपाडा, सगळं. एवढं सविस्तर तिने त्यांना आपल्या कामाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. ते गुडघा चोळत ऐकत होते.

"म्हणजे पाणी सुटायच्या आधी भोंगा वाजणार," ते म्हणाले.

"हो."

"आणि माणसांना कळणार, की निघायचं."

"हो. पण अण्णा, पाणी काही कमी होणार नाही त्याने. उन्हाळ्यात तर..."

"ते कळलं मला." त्यांनी हाताने थांबवलं. नाल्यावरून वारा आला, कुजका आणि गार. "आपल्या वेळी तेवढंही नव्हतं," ते म्हणाले.

योगिनीने फोन उचलला. बरंच काही लिहायचं होतं, अर्धं भांडण आणि अर्धी माफी. तिने लिहिलं, 'चांगलं केलंस,' आणि पाठवून दिलं. ऊन कलल्यावर अण्णा खाली जायला उठले. चढताना ते कुणाचा हात घेत नसत, पण उतरताना त्यांना पायरी दिसायची नाही. म्हणून ती आधी उतरली, त्यांच्याकडे तोंड करून, मागे मागे. आणि कठड्याला धरून उतरणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाचा घोटा हातात धरून ती एकेक पायरीवर तो टेकवत गेली.